गावात राहून क्रीडा पत्रकार व्हायचंय. चुकतेय का मी?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका):
बी.ए.चं शेवटचं वर्ष. घरी चार एकर कोरडवाहू. १ जानेवारी २०१८ ला आम्ही कापूस वेचत होतो, भावाचा मोबाइल बांधावर. इंदूरला विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवलं, पहिलीच रणजी! आपला गोलंदाज रजनीश गुरबानी, त्याची हॅट्‌ट्रिक मी त्या आठवड्यात वहीत तीनदा लिहिली, दरवेळी वेगळी. वेड तिथून लागलं.

पण खरं कारण दुसरं. मागच्या हिवाळ्यात आमच्या मुली तालुक्याची कबड्डी जिंकल्या. शेवटची चढाई, एक गुण मागे. आमची रेडर दोघींना ओढत मध्यरेषेवर पडली. फक्कीची रेघ तिच्या कोपराखाली पुसली गेली होती. पंचांनी वाकून माती चाचपली, मग हात वर केला. दुसऱ्या दिवशी पेपरात नारळ फोडणाऱ्या पाच जणांची नावं. तिचं नाही. तिच्या आईनं ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

घरचे म्हणतात, बी.एड. कर.

वणीकर:
घरचे बरोबर आहेत. नऊ वर्षं तालुका वार्ताहर होतो. मानधनापेक्षा पेट्रोल जास्त, वर पुरवणीसाठी जाहिराती आणायच्या. ज्याची जाहिरात त्याचं नाव आधी. असे नारळवाले मीही छापलेत, त्याची लाज वाटते. नोकरी धर, लिखाण पळून जात नाही.

मोर्शीचा पोट्टा:
काऊन भेवाडता तिले? उमेश यादव वलनीच्या खाणवस्तीतून निंगाला अन् २०११ ले कसोटी खेळला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ च्या ऑलिम्पिकले बर्लिनले जाऊन आलं, आपल्या पोरायले मालूमच नाही. लिहिणारं माणूस पाह्यजे ना!

वणीकर:
उमेशला खेळण्याचे पैसे मिळाले. त्याच्यावर लिहिणाऱ्याला काय मिळालं, ते सांगा.

अकोल्याची ताई:
मला दोघांचंही पटत नाही. पत्रकारिता कर, पण नागपूरला जाऊन शीक. आपली कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, दुसऱ्यानं कापल्याशिवाय हात बसत नाही. गावातच राहायचा हट्ट सोड.

पऱ्हाटी:
ताई, मी नागपूरला गेले तर इथल्या मैदानावर कोण उभं राहणार? रविवारी दिग्रसला मुलींची खो-खो आहे, वही घेऊन जातेय. वणीकर काका, माझी कॉपी तुम्ही कापाल?

वणीकर:
पाठव. नावं आयोजकांच्या यादीवरून उतरवू नकोस, एकेकीला विचारून घे. आणि बी.एड.चा फॉर्म भर.