मदत हवी आहे: लेहला जाण्याआधी बाबांना हायपोक्सिया थेरपी द्यावी का?

नमस्कार मंडळी, जूनमध्ये बाबांना (वय ६२) घेऊन विमानाने लेहला जायचं ठरतंय. पुण्याहून एकदम ३५०० मीटर! तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणून शरीराला तो कमी मिळतो. इथल्या एका सेंटरने शरीराला त्याची आधीच सवय व्हावी म्हणून 'इंटरमिटंट हायपोक्सिया'ची (थांबून थांबून कमी ऑक्सिजन देण्याची) सेशन्स सुचवली आहेत: मास्क लावून पाच मिनिटं कमी ऑक्सिजनची हवा, मग पाच मिनिटं साधी, असं तासभर. ऑक्सिमीटरवरचा आकडा ८५ पर्यंत खाली आणतात.

अडचण अशी की बाबांना बीपीची गोळी चालू आहे आणि स्लीप ॲप्निआही आहे, रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन) लावून झोपतात. झोपेत श्वास अडकून ऑक्सिजन असाच वरखाली होतो आणि त्याने बीपी वाढतं, म्हणून तर ते मशीन. मग रात्री जे टाळायचं तेच दिवसा पैसे देऊन करायचं? मला हे पटत नाहीये.

ईसीजी, टूडी इको नॉर्मल. कार्डिऑलॉजिस्टची प्रवासाला हरकत नाही, पण या थेरपीचा त्यांना अनुभव नाही. डायमॉक्सबद्दल (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) त्यांच्याशी बोलणं झालंय. लेहला पहिले दोन दिवस फक्त विश्रांती. कंबरेच्या दुखण्यामुळे रस्त्याने हळूहळू चढत जाणं जमणार नाही.

ॲप्निआ असलेल्या कुणी ही सेशन्स घेतली आहेत का, आणि बीपीवर काय परिणाम झाला? तासाभराच्या मास्कने लेहला खरंच फरक पडतो, की त्यासाठी रोज कित्येक तास कमी ऑक्सिजनमध्ये काढावे लागतात?