प्रति: वाशिष्ठीच्या गाळाचा अंदाज
पाऊस आणि विसर्गाचे (नदीतून वाहणाऱ्या पाण्याचे) आकडे दिले की संगणकी मॉडेल चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतला गाळ सांगेल, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. मृगाच्या पहिल्या सरींना नदी लालभडक होते. श्रावणात तेवढंच पाणी असलं तरी बरीच निवळलेली, कारण सुटी माती आधीच वाहून गेलेली असते. म्हणजे मागच्या दिवसांचा पाऊसही मॉडेलला द्यायला हवा. त्यात कोयना धरणाच्या बहुतेक वीजगृहांतलं पाणी वाशिष्ठीतच येतं. विसर्ग वाढतो, पण डोंगरउताराची माती त्यात कुठली? शिवाय २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरासारखे दिवस नोंदींत विरळाच, आणि रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी काढणारं मॉडेल) शिकलेल्या कमाल आकड्यापलीकडे जातच नाही. चिपळूणकरांना तर नेमका त्याच दिवसांचा अंदाज हवाय.