कमी पॉइंट करणाऱ्या खेळाडूचं करिअर होतं का?

प्रश्न (नाशिकची आई):
मुलगी पंधरा वर्षांची, जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघात खेळते. कोच तिला जवळजवळ पूर्ण मॅच कोर्टवर ठेवतात, पण स्कोअरशीटवर नावापुढे दोन, फार तर चार पॉइंट. परवा घरी आली ती बूट कोपऱ्यात भिरकावून. "मी नुसती दुसरीच्या मागे पळते" म्हणाली आणि जेवलीच नाही. अशा खेळाडूचं प्रोफेशनल बास्केटबॉलमध्ये काही होतं का? तिला दाखवण्यासारखं कुणी आहे?

उत्तर (बेसलाइन):
ताई, शेन बॅटिए दाखवा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या प्रोफेशनल लीगमध्ये, १३ सीझन, मॅचला सरासरी ८.६ पॉइंट, ऑल-स्टारमध्ये, म्हणजे निवडक स्टार खेळाडूंच्या मॅचमध्ये, एकदाही नाही. पण डिफेन्सच्या निवडक संघात २००८ आणि २००९ अशी दोनदा निवड.

भरपूर पॉइंट करणाऱ्या कोबी ब्रायंटला तो कसा अडवायचा, ते व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. कोबी शॉटला उठला की बॅटिएचा तळहात थेट त्याच्या डोळ्यांसमोर. ब्लॉकचा, म्हणजे बॉल हवेत अडवायचा हव्यास नाही, चेहऱ्याला स्पर्श नाही, लागला तर फाउल. खरं काम त्याआधीच पायांनी झालेलं असायचं. थ्री-पॉइंट रेषेच्या (जिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला तीन पॉइंट) थोडं आत, ड्रिबल करत येऊन मारलेला लांबचा शॉट कमी वेळा बास्केटमध्ये जातो, म्हणून कोबीला तिथेच थांबायला लावायचं. त्यासाठी मॅचआधी आकड्यांचा अभ्यास करून यायचा. २००७-०८ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने सलग २२ मॅच जिंकल्या, शेवटच्या दहा तर त्यांचा स्टार याओ मिंग जखमी असताना. त्या संघात हा होता. तो कोर्टवर असताना संघ किती पुढे जातो, हे मोजलं की त्याची किंमत कळायची.

तिसरा क्वार्टर (आणखी एक वाचक):
मान्य, पण मुलीला अर्धंच चित्र देऊ नका. नुसत्या डिफेन्सवर तो टिकला नाही. कोर्टच्या कोपऱ्यातून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारता यायचा म्हणून समोरच्यांना त्याला मोकळं सोडता येत नसे.

बेसलाइन:
अगदी बरोबर, आणि मला सगळ्यात जवळची वाटते ती तीच गोष्ट. २०१३ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांत, त्याचे शॉट पडेनात. इंडियानाविरुद्धच्या मालिकेत सातव्या मॅचमध्ये मायामीने, म्हणजे तेव्हाच्या त्याच्या संघाने, त्याला एक मिनिटही उतरवलं नाही. मग सॅन अँटोनिओविरुद्ध फायनलची सातवी मॅच. आपल्याकडे २१ जूनची सकाळ, मी डबा भरून ठेवून टीव्हीसमोर. बॅटिएने आठपैकी सहा थ्री मारले, १८ पॉइंट. मायामी ९५-८८ ने जिंकली. मायामीचा स्टार लेब्रॉन जेम्सने ३७ केले, लोकांना तेच आठवतात. मला बॅटिएचे पाय आठवतात. पास येण्याआधीच गुडघे वाकलेले, हात तयार. इतके दिवस बेंचवर बसलेला माणूस तसा तयार होता. ऑफिसला उशीर झाला, पण शेवटचा हॉर्न वाजेपर्यंत मी हललो नाही.

ताई, मुलीला रोज कोपऱ्यातून शंभर शॉट मारू द्या. आणि पुढच्या मॅचला तुम्ही तिचे पॉइंट मोजू नका. तिच्या समोरच्या मुलीचे मोजा.

नाशिकची आई:
रविवारी मॅच आहे, वही घेऊन बसते. समोरचीने किती शॉट मारले, किती पडले, एवढंच ना? का जागाही लिहायची?

बेसलाइन:
जागा लिहाच. डावीकडून, उजवीकडून, बास्केटखालून, एवढं पुरे. आणि तुमची मुलगी कोर्टबाहेर बसली असेल तेव्हाचं पान वेगळं ठेवा.