अनुभव धागा : केस विरळ होतायत, गोळी सुरू करावी की नाही?

खामलेकर

नमस्कार मंडळी. वय २६, नोकरी नागपूरला मिहानमध्ये. दोन्ही कोपरे मागे सरकलेत आणि भोवऱ्याजवळ ट्यूबलाइटखाली टाळू दिसते. रामदासपेठेतल्या स्किनच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, अनुवंशिक आहे, सुरुवात आहे. फिनास्टराइड १ मिलिग्रॅम रोज एक, आणि टाळूला ५ टक्के मिनॉक्सिडिल. औषधं आणली, पण स्ट्रिप अजून फोडलेली नाही. आई म्हणते, "लग्नाआधी असल्या हार्मोनच्या गोळ्या कायले घेतो?" बाबा म्हणतात, लग्नाआधीच घे, नंतर कोण बघतं.

ज्यांनी घेतली, ज्यांनी मध्येच सोडली, ज्यांनी चिठ्ठी खिशात ठेवून कधी घेतलीच नाही, सगळ्यांनी लिहा. केस किती आले यापेक्षा तुम्ही ठरवलं कसं, हे मला जास्त हवंय. कांद्याचा रस, शाम्पू आणि बोअरचं पाणी यांच्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

गोकुळपेठी

वय ३७, गोळी बरीच वर्षं चालू आहे. माझं ठरलं ते आजोळच्या लग्नातल्या ग्रुप फोटोवरून. तिन्ही मामा एका रांगेत, तिघांचंही डोकं फ्लॅशमध्ये चमकतंय, आणि शेजारी बाबाही त्याच वाटेवर. टक्कल आईकडून येतं असं घरी म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, एक महत्त्वाचा जीन आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर असतो हे खरं, पण बाकीचे पुष्कळ दोन्हीकडून येतात. माझ्याकडे दोन्ही दारं सताड उघडी होती.

त्यांनी आधीच स्पष्ट केलं की या गोळीचं मुख्य काम आहेत ते केस टिकवणं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी (केसांची मुळं आकसवणारं हार्मोन) बनवणारं एन्झाइम ती अडवते, रक्तातलं डीएचटी साधारण दोन तृतीयांशाने खाली येतं, आणि मुळांचं आकसत जाणं मंदावतं. बंद केली की कमावलेलं वर्षभरात गेलं. "रोज, वर्षानुवर्षं घेशील? तर सुरू कर. दिवाळीपुरती घ्यायची असेल तर पैसे वाचव."

पहिले काही महिने काहीच कळलं नाही. फोटो नेहमी त्याच बाथरूममध्ये, त्याच दिव्याखाली, केस कोरडे असतानाच काढा, नाहीतर आपण स्वतःलाच गंडवतो. वर्षाने भोवरा थोडा भरला, कोपरे होते तिथेच राहिले. वीर्य कमी आणि पातळ झालं. इच्छेत फरक पडला नाही. मूल हवं असं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी काही महिने थांबवली, आणि उशीवर पुन्हा केस दिसू लागले. परत सुरू केल्यावर गळणं थांबलं, पण तेवढ्यात गेले ते सगळे आले नाहीत. मुलगी आता शाळेत जाते, त्यामुळे या सौद्याबद्दल माझी तक्रार नाही.

आकडेमोड

मी घेत नाही, माझा भाऊ घेतो. घरात वाद पेटला म्हणून वाचून काढलं. फिनास्टराइड आधी ५ मिलिग्रॅममध्ये प्रोस्टेटसाठी आलं, १९९२ साली. केसांसाठी १ मिलिग्रॅमला अमेरिकेत १९९७ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. त्यामागच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून १८ ते ४१ वयाचे १५५३ पुरुष होते. औषधाच्या माहितीपत्रकात कामेच्छा कमी झाल्याची तक्रार गोळीवाल्यांत १.८ टक्के, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १.३ टक्के. ताठरतेची अडचण १.३ विरुद्ध ०.७.

त्याहून मजेशीर २००७ चा इटलीतला अभ्यास. एका गटाला लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतात हे सांगून औषध दिलं, दुसऱ्याला न सांगता. सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्क्यांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. म्हणजे हा धागा वाचूनच निम्मे दुष्परिणाम सुरू व्हायचे!

तर्रीपोहे

आकडेमोड, तो अभ्यास प्रोस्टेटच्या रुग्णांवरचा आहे, पाचपट डोसवर. विशीतल्या पोराला जसाच्या तसा लावू नका. शिवाय न सांगितलेल्या गटातही १५ टक्के आहेतच की.

माझं सांगतो. २४ व्या वर्षी सुरू केली, कारण हॉस्टेलवर "बे टकल्या" ऐकून कान किटले होते. दोनेक महिन्यांनी मन बसायला लागलं. सकाळी उठावंसं वाटेना, फुटाळा तलावावर मित्रांसोबत बसलो तरी घरी कधी जातो असं व्हायचं. नोकरी नव्हती, त्यामुळे गोळीनेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. डॉक्टरांनी मात्र एका मिनिटात बंद करायला सांगितली. पुढच्या काही आठवड्यांत मोकळं वाटलं. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने फिनास्टराइडच्या गोळ्यांच्या दुष्परिणामांत आत्महत्येचे विचार येणं पक्कं नोंदवलं. काही जणांचे लैंगिक त्रास गोळी बंद करूनही रेंगाळल्याच्या नोंदी आहेत, त्याही वाचा. आधी कधी नैराश्य आलं असेल तर डॉक्टरांना ते विचारायच्या आधीच सांगा, आणि घरातल्या एका माणसाला तरी माहीत असू द्या की तुम्ही ही गोळी घेताय. माझा बदल आधी बहिणीच्या लक्षात आला होता, माझ्या नाही.

आता फक्त मिनॉक्सिडिल लावतो. बरं चाललंय, यापेक्षा जास्त म्हणवत नाही.

सक्करदरा एक्स्प्रेस

आपण तर भाऊ सरळ मशीन फिरवली. चिठ्ठी भेटली होती, पण मले अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स पुरा करता येत नाही, जनमभर गोळी कोण घेईन? बघायच्या कार्यक्रमाले टोपी न घालताच गेलो. पोरीच्या बापाचंही डोकं तसंच गुळगुळीत, थे काय बोलतीन! मे महिन्यात तेवढी टाळू भाजते. दुपट्टा ओला करून बांधतो, वरून हेल्मेट. सनस्क्रीन डोक्याले लावतो तर बायको हासते.

विदर्भकन्या

बायकोच्या बाजूने एक. माझ्या नवऱ्याला कोणीतरी सांगितलं की प्रोस्टेटची ५ मिलिग्रॅमची गोळी आणून चार तुकडे केले की स्वस्त पडतं. हे महाशय स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, माझ्याच सुरीने, रविवारी बसून तुकडे करायचे. मला दिवस गेल्यावर सहज डॉक्टरांपुढे विषय निघाला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. अख्ख्या गोळीवर आवरण असतं, पण तुटलेल्या किंवा भुगा झालेल्या गोळीला गरोदर बाईने हात लावायचा नाही. पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. त्या दिवसापासून घरात १ मिलिग्रॅमचीच येते. सुरी मी फेकून दिली, तो म्हणाला धुतली असती.

त्रिमूर्तीनगर

सगळं गळणं एक नसतं, एवढं सांगायला आलो. मला डेंग्यू झाला होता. बरा झालो आणि दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस हातात यायला लागले. त्याच सुमारास, २०२५ च्या जानेवारीत, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडल्याच्या बातम्या आल्या, आणि ऑफिसात सगळे माझ्याकडे संशयाने बघायला लागले. मीही घाबरून मेडिकल स्टोअरमध्ये मिनॉक्सिडिल मागायला निघालो होतो. डॉक्टर म्हणाल्या, तापानंतरचं गळणं आहे, थांबा. कोपरे शाबूत, सगळीकडून सारखं विरळ. थांबलो. आले परत.

ग्राफ्टवाला

"रोज गोळी नको, एकदाच काय ते" म्हणून ट्रान्सप्लांट केलं. नागपुरातलंच एक क्लिनिक, नाव लिहीत नाही. समोरची रेषा छान आली. पण लावलेल्या केसांच्या मागचे माझे मूळचे केस विरळ होतच राहिले, कारण ते थांबवणारं काही चालूच नव्हतं. आज पुढे केस, मागे केस, मध्ये रिकामा पट्टा. ऑपरेशननंतरही औषध लागू शकतं, हे त्यांनी हप्ते ठरवताना सांगितलं नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी शेवटी तीच गोळी लिहून दिली.

स्किन रेसिडेंट

खामलेकर, डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) टाळू बघितली का? जाड केसांमध्ये बारीक, आकसलेले केस मिसळलेले दिसले तर निदान पक्कं होतं. नसेल केलं तर मागून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) यांची तपासणी शंका असेल तरच. बायोटिनच्या व्हिटॅमिन गोळ्यांवर पैसे घालायची बहुतेकांना गरज नसते, आणि थायरॉइडची तपासणी करायची असेल तर त्याआधी बायोटिन बंद ठेवा, रिपोर्ट चुकतो.

ओपीडीत पोरं दुष्परिणामांची यादी घेऊन येतात, पण वेळेचा हिशेब कोणी विचारत नाही. मिनॉक्सिडिलने पहिल्या काही आठवड्यांत गळणं उलट वाढू शकतं. जुने केस सुटून नवे येण्याचा तो टप्पा असतो, आणि नेमके तिथेच अर्धे लोक पळतात. फिनास्टराइडला किमान सहा महिने द्यावे लागतात, खरा निकाल वर्षाने. महिन्या-दीड महिन्यावर लग्न असेल तर त्या तारखेसाठी सुरू करू नका.

रक्तदान करत असाल तर शिबिरात ही गोळी सांगा. ते रक्त गरोदर बाईला जाऊ नये म्हणून काही काळ थांबवतात. आणि पुढे चाळिशी-पन्नाशीत प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी केलीत तर तिथेही सांगा. या गोळीने पीएसए साधारण निम्म्यावर येतो, डॉक्टर त्याला फसू शकतात.

दोन्ही औषधं एकदम सुरू करायलाच हवीत असं नाही. गोळीची धास्ती असेल तर आधी मिनॉक्सिडिल, वर्षाने पुन्हा बघू, असं मी बऱ्याच जणांना म्हणतो. तोवर काही केस हातचे जातील, हेही सांगतो.

खामलेकर

सगळ्यांचे आभार. डर्मोस्कोपने बघितलं नव्हतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा जातोय. गोळी तोवर तशीच. मिनॉक्सिडिल उद्यापासून, हे मात्र ठरलं. दोन शंका. ४५ च्या उन्हात, हेल्मेटखाली घामात ते टिकतं का? आणि घरी मांजर आहे, रात्री माझ्याच उशीवर झोपते, त्याचं काय?

स्किन रेसिडेंट

उन्हाचं सोपं आहे. टाळू कोरडी असताना लावा, चारेक तास धुऊ नका. सकाळचं लावून लगेच हेल्मेट चढवू नका. मांजरीचं मात्र गंभीर आहे. मिनॉक्सिडिल मांजरींना विषारी असतं, तुमची टाळू किंवा उशी चाटली तरी जीव जाऊ शकतो. सुरू करणार असाल तर तिला खोलीबाहेर झोपवा, अभ्रा रोज बदला, हात साबणाने धुवा.

खामलेकर

मग उद्यापासून नाही. आधी आईशी बोलावं लागेल, मांजर तिची आहे.