फिक्कट पिल्लं पांढरी की सीएफडब्ल्यू? झेब्रा फिंचवाल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे झेब्रा फिंचची (पिंजऱ्यात पाळतात ते छोटे पक्षी) राखाडी जोडी आहे. नर-मादी दोन्ही नॉर्मल, पण बाजारातून घेतलेली, त्यामुळे त्यांच्या मागच्या पिढ्यांचा काही पत्ता नाही. या खेपेला घरट्यासाठी टांगलेल्या मडक्यातून पाच पिल्लं बाहेर पडली. तीन आईबापांवर गेलीत, दोन मात्र सायीच्या रंगाची. चोची सगळ्यांच्या अजून काळ्या आहेत, म्हणजे नर कोण, मादी कोण हे इतक्यात कळायचं नाही.

दुकानदार फोटो बघून म्हणाला, "व्हाईट आहेत, बिनधास्त राहा." फिंच पाळणारा एक मित्र म्हणतो सीएफडब्ल्यू, म्हणजे चेस्टनट फ्लँक्ड व्हाईट, अंग फिक्कट पण खुणा राहतात अशी वेगळी रंगजात. मला हे आत्ताच कळायला हवंय, कारण ऑफिसातल्या एकाकडे पांढरा नर एकटाच आहे. यातली मादी त्याला देऊन पांढरी पिल्लं काढायचा त्याचा बेत आहे, आणि मी हो म्हणून बसलोय.

जवळून पाहिलेलं सांगतो. अंड्यातून निघाली त्या दिवशी मडक्यात क्षणभर टॉर्च मारला होता. तिघांच्या बंद पापण्यांखाली डोळे गडद दिसत होते, या दोघांचे लालसर. आता सगळ्यांचे सारखेच काळे दिसतात. डोळ्याखालची उभी रेघ दोघांनाही आहे, एकाला करडी आणि स्पष्ट, दुसऱ्याला पुसट. शेपटीच्या मुळाशी आडवे पट्टे आहेत, पण धुतल्यासारखे. पाठीवर एकही राखाडी ठिपका नाही.

दोघांत फरक आहे म्हणून शंका येते: एक सीएफडब्ल्यू आणि एक लाईटबॅक असं असू शकतं का? की डॉमिनंट सिल्व्हर? (या दोन्हीही झेब्राच्या फिक्या रंगजातीच.)

— नवखा फिंचवाला

प्रतिसाद १ (राळेवाला):

डॉमिनंट सिल्व्हर बाजूला ठेवा. तो रंग आईबापांपैकी एकाच्या अंगावर दिसल्याशिवाय पिल्लात येत नाही, आणि तुमची दोन्ही राखाडी आहेत.

पांढरेही नाहीत, असं माझं ठाम मत. पांढऱ्या झेब्रात रेघ नाही, पट्टे नाहीत, काहीच नाही. उलट त्यांच्या पिल्लांच्या पाठीवर बऱ्याचदा राखाडी शिंतोडे असतात, ते पुढे पिसं बदलताना जातात. जन्मतः लालसर डोळे ही तर सीएफडब्ल्यूची जुनी खूण. तो टॉर्च मारलात ते बरं केलंत, आठवडाभराने पाहिलं असतं तर काही कळलं नसतं.

प्रतिसाद २ (पिंजरापुराण):

राळेवाल्यांशी सहमत. पण रंगापेक्षा हिशोब जास्त भरवशाचा, तो मांडून बघा.

पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एकच. सीएफडब्ल्यू आणि लाईटबॅक दोन्ही झेडवर बसतात, आणि दोन्ही एकाच जागेवरचे आहेत. मादीकडे एकच झेड असल्यामुळे ती यातलं काही लपवू शकत नाही. असेल तर अंगावर दिसणारच. तुमची मादी राखाडी, म्हणजे तिच्याकडे यातलं काहीच नाही. मुलाला आईचा झेड मिळतोच, म्हणून या जोडीचा प्रत्येक मुलगा राखाडी. फिक्कट असतील त्या मुलीच, आणि त्यांचा रंग बापाकडून आला. बाप स्प्लिट आहे, म्हणजे तो रंग अंगावर न दिसता त्याच्यात लपलेला आहे.

आता लाईटबॅकची शंका. बाप स्वतः राखाडी, म्हणजे त्याचा एक झेड नॉर्मल. उरलेल्या एकावर सीएफडब्ल्यू असेल किंवा लाईटबॅक, दोन्ही नाही. तेव्हा दोघी बहिणी एकाच रंगाच्या. रेघेचा कमी-जास्तपणा सीएफडब्ल्यूत नेहमीचाच. लाईटबॅक असत्या तर पाठ फिक्कट राखाडी आणि रेघ, पट्टे चांगले काळे दिसले असते.

हे ताडून पाहायला चोच लाल व्हायची वाट बघा. दोन-अडीच महिन्यांत गालावर नारिंगी डाग आणि कुशीला तांबूस ठिपके उमटले, तर तो नर, आणि माझा सगळा हिशोब मोडला. मग झेड सोडून दुसरीकडे शोधावं लागेल; फ्लोरिडा फॅन्सी नावाचा आणखी एक फिक्का रंग दोन्ही राखाडी आईबापांतून येऊ शकतो.

धागाकर्ता:

गुणसूत्रांचं इतकं सोप्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं, आभार! मग ऑफिसवाल्याला काय सांगू? पांढरा नर आणि ही मादी, पिल्लं तर पांढरीच होतील ना?

पिंजरापुराण:

तिथेच लोक फसतात. सीएफडब्ल्यू मादीकडे पांढऱ्याचा जीन नसेल, तर त्या जोडीची सगळी पिल्लं राखाडी! पांढरा रंग झेडवर नसतो, तो आईबाप दोघांकडून मिळावा लागतो. मुलगे सीएफडब्ल्यूला स्प्लिट निघतील एवढंच. ऑफिसवाल्याला पांढरीच पिल्लं हवी असतील तर त्याने खरी पांढरी मादी शोधावी. तुम्हाला सीएफडब्ल्यू नर हवा असेल, तर बाहेरचा सीएफडब्ल्यू नर आणून एका मुलीशी जोडी लावा, सगळी पिल्लं तशीच येतील. बापाशी लावूनही निम्मे मुलगे सीएफडब्ल्यू निघतील, पण ते मी करणार नाही.

आणि काहीही करा, पण मादी निदान सहा महिन्यांची होईपर्यंत मडकं लावू नका. लहान मादीत अंडं अडकलं तर पक्षी हातचा जातो.

राळेवाला:

पायात रंगीत रिंगा आत्ताच घाला. चोची लाल झाल्या की या दोन बहिणींतली कुठली कोण, हे सांगता येणार नाही. आणि शेपटीचा फोटो टाका, उन्हातला, फ्लॅशचा नको.