आईचा विसराळूपणा: 'मेंदूच्या पेशी वाचवणारी' गोळी सुरू ठेवावी का?

सेलूची_लेक
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, सेलूला भावाकडं असते. बीपी आहे, शुगरची मेटफॉर्मिन आठ-नऊ वर्षांपासून चालू. दुधाचा हिशोब ती स्वतः कॅलेंडरवर लिहिते. दिवाळीला गेले तर एकाच तारखेच्या चौकटीत तीनदा 'दीड लि.' लिहिलेलं आणि पुढचे चार दिवस कोरे. पोटात धस्स झालं. मेडिकलवाल्यानं जिन्कोच्या (एका झाडाच्या पानांचा अर्क) गोळ्या दिल्यात, "वयानं पेशी मरतात, ह्यानं वाचतात" म्हणे. महिन्याला बाराशे रुपये. पैशाचं काही नाही, पण अशी गोळी खरंच असते का?

औषधवाला_नांदेड
ताई, मीही मेडिकलच चालवतो, म्हणून स्पष्ट सांगतो. वयानं होणारी पेशींची झीज थांबवते असं सिद्ध झालेली एकही गोळी आज बाजारात नाही. जिन्कोची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. ७५ च्या पुढचे तीन हजारांवर लोक, रोज २४० मिग्रॅ, साधारण सहा वर्षं. २००८ साली निकाल आला: डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण कमी झालं नाही. आईला बीपीसोबत रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर जिन्कोनं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, ते आजच बघा.

पुढं चिठ्ठीवर डोनेपेझिल हे डिमेन्शियाचं औषध आलं तर त्याचं काम समजून घ्या. पेशीपेशींत निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलीन ते लवकर तुटू देत नाही. त्यानं काही जणांना काही काळ बरं वाटतं, पण पेशी मरायच्या थांबत नाहीत. मळमळ होते, जेवण तुटतं, नाडी मंद होऊ शकते. उलट खाजेच्या-सर्दीच्या जुन्या गोळ्या, लघवी वारंवार होते म्हणून देतात त्यातल्या काही, ह्या त्याच ॲसिटिलकोलीनचं काम अडवतात. म्हाताऱ्या माणसाला त्यानं गोंधळल्यासारखं होतं. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढं ओता. नुसती नावं सांगून भागत नाही.

उदगीरची_सून
बी-१२ केलं का? आमच्या मामंजींनी एका सकाळी गायीला तीनदा पाणी दाखवलं, ती तोंड फिरवायली तरी बादली पुढंच. पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत टॉनिक लिहून वाटेला लावलं. दुसरीकडं रक्त तपासलं तर बी-१२ फक्त ११२. इंजेक्शनं घेतली, तीन महिन्यांत माणूस बराच ताळ्यावर आला. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ उतरू शकतं, त्यात आपलं शाकाहारी जेवण. थायरॉईडही सोबतच करा.

मोंढा_जालना
ते अमेरिकेतलं नवीन इंजेक्शन, लेकॅनेमॅब, त्याचं काय? वडिलांसाठी मीही शोधात आहे.

औषधवाला_नांदेड
दादा, त्याला २०२३ मध्ये तिकडं पूर्ण मंजुरी मिळाली. पण ते फक्त अल्झायमरच्या (डिमेन्शियाचाच एक प्रकार) सुरुवातीच्या टप्प्यात, तेही मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचल्याचं तपासणीत दिसलं तरच. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून. दीड वर्षाच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. गेलेलं परत येत नाही. मेंदूला सूज, बारीक रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून एमआरआय परत परत. जमीन विकायच्या आधी वडिलांना अल्झायमरच आहे का, हे पक्कं करा.

कळंबकर
कानही तपासा. दोन वर्षं आम्ही आबांना विसरभोळे म्हणत होतो, त्यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं. मशीन लावलं त्या दिवशी अंगणातल्या चिमण्या ऐकून रडले. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्यासारख्या १४ गोष्टी दिल्यात, त्यात कमी ऐकू येणं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आहे. गोळीचा शोध करायचाच असेल तर बीपीची गोळी चुकत नाही ना, तो करा.

सेलूची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाला पिशवी ओतायला लावली. खाली क्लोरफेनिरामीनची पट्टी निघाली. दोन वर्षांपूर्वी अंगाला खाज सुटली होती तेव्हाची गोळी, आई अजून रोज रात्री घेते. कुणी बंद कर म्हणालंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. ॲस्पिरिनही चालू आहे, त्यामुळं जिन्को कालच थांबवलं. बी-१२, थायरॉईडचं रक्त आज दिलं. मंगळवारी परभणीला मेंदूच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय, पिशवी आणि कॅलेंडर दोन्ही घेऊन जाणार आहे.