एडीएचडी: एक्झिक्युटिव्ह फंक्शनसाठी औषधांची तुलना नेमकी कशी करायची?

पाटीपेन्सिल
विद्यार्थी ९ वर्षांचा, वजन २८ किलो, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची आणि स्वतःला आवरण्याची अडचण). डॉक्टरांनी पालकांपुढे तीन नावं ठेवली आहेत: मेथिलफेनिडेट, अ‍ॅटोमॉक्सेटिन, ग्वानफॅसिन. चुळबुळ ही मुख्य तक्रार नाहीच. तीन सूचना एकदम दिल्या की तिसरी हरवते, दप्तर अर्धवट भरलं जातं, गणित मध्येच सुटतं. यासाठी कोणतं औषध सरस? आणि फरक पडला हे ओळखायचं कशावरून? 'आता शांत बसतो' यापलीकडचं उत्तर हवंय.

मोजपट्टी
एक्झिक्युटिव्ह फंक्शन (लक्ष टिकवणं, थांबणं, लक्षात धरणं, आखणी करणं) ही एकच वस्तू धरली की तुलनेचा घोटाळा होतो. मेथिलफेनिडेटने लक्ष टिकणं आणि उत्तर तोंडातून निसटण्याआधी थांबणं यात फरक ठळक दिसतो. वर्किंग मेमरीत (काम करताना माहिती डोक्यात धरून ठेवण्यात) तो बेताचा असतो. आखणी करायला तर कुठलीच गोळी शिकवत नाही. दप्तराची यादी दारावर लावावीच लागते. गोळीमुळे मूल ती शेवटपर्यंत वाचतं, इतकंच.

क्रम विचाराल तर ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शनात ५ वर्षांपुढच्या मुलांसाठी आधी मेथिलफेनिडेट आहे. पुरेशा डोसवर ६ आठवडे देऊनही पुरेसा उपयोग नसेल तर लिसडेक्साम्फेटामिनचा विचार, आणि ही दोन्ही सोसली नाहीत किंवा लागू पडली नाहीत तर अ‍ॅटोमॉक्सेटिन किंवा ग्वानफॅसिन. मला हा क्रम पटतो, कारण पहिल्या औषधाचा निकाल काही दिवसांत कळतो.

मात्र तुलना घड्याळ लावून करा. मेथिलफेनिडेटची साधी (दीर्घकाळ न चालणारी) गोळी साधारण अर्ध्या तासात चढते आणि ४ तासांत ओसरते. सकाळी साडेसातला घेतलेली साडेअकरापर्यंत. संध्याकाळी सहाचा गृहपाठ पाहून 'औषध लागू पडत नाही' म्हणणं म्हणजे औषधाविना असलेल्या मुलाला गुण देणं. उलट, उतरताना तासभर चिडचिड वाढते, तीही औषधाच्या नावावर खपते.

मोजायला तीनच वागणुकी निवडा: तीन सूचनांपैकी किती पाळल्या, सुरू केलेल्या दहा गणितांपैकी किती संपवली, हात वर न करता किती वेळा बोलला. औषधाआधी पूर्ण आठवडा रोज नोंद करा. मग प्रत्येक डोसला एक आठवडा, तोच तास, तोच विषय. साध्या गोळीची सुरुवात बहुधा ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा. वाढ आठवड्याला एकदा, तीही डॉक्टरांनी सांगितली तरच.

थेंबेथेंबे
वरच्यात एक भर. डोस 'गप्प बसेपर्यंत' वाढवला की वर्गात वाहवा होते आणि विचाराची लवचीकता जाते. मूल एकाच गणिताला चिकटतं, पद्धत बदलत नाही, चेहरा कोरा पडतो. अशा वेळी डोस वाढवायचा नसतो, कमी करण्याबद्दल विचारायचं असतं. म्हणून चौथी नोंद ठेवा: 'काम बदलायला सांगितल्यावर किती वेळ लागला'.

अ‍ॅटोमॉक्सेटिनचा हिशोब वजनावर चालतो. सुरुवात दिवसाला किलोमागे साधारण ०.५ मिग्रॅ, लक्ष्य १.२, कमाल १.४. २८ किलोला म्हणजे १४ मिग्रॅपासून ३३.६पर्यंत. कॅप्सूल येतात १०, १८, २५, ४०च्या. इथेच गफलत होते: २५वर थांबलं तर किलोमागे ०.९सुद्धा भरत नाही, आणि ४० दिली तर १.४च्या किंचित वर जातं. २५ आणि १० मिळून ३५ जुळतं. 'लागू पडलं नाही' म्हणून बंद करण्याआधी डॉक्टरांना एवढं गणित जरूर विचारा. शिवाय ४ ते ६ आठवडे थांबावं लागतं, कधी त्याहून जास्त. याच्या दुसऱ्या आठवड्याची मेथिलफेनिडेटच्या दुसऱ्या आठवड्याशी तुलना निरर्थक. उदासी, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी फोन करा. जमेची बाजू अशी की परिणाम संध्याकाळीही टिकतो.

निळी_शाई
ग्वानफॅसिनबद्दल थोडक्यात. ते मेंदूच्या पुढच्या भागातल्या अल्फा-२ए रिसेप्टरवर (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेवर) काम करतं, त्यामुळे कागदावर एक्झिक्युटिव्ह फंक्शनसाठी नेमकं वाटतं. प्रत्यक्षात सुरुवातीला झोपच येते, आणि पेंगणाऱ्या मुलाची वर्किंग मेमरी मोजण्यात अर्थ नाही. १ मिग्रॅपासून सुरुवात, वाढ आठवड्याला १ मिग्रॅपेक्षा जास्त नाही. तेलकट-तुपकट जेवणासोबत देऊ नये, रक्तात जास्त उतरतं. एकदम थांबवलं तर रक्तदाब उसळतो. उलट्यांच्या आजारात दोन डोस चुकले तरी डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करा.

मेथिलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन नाडी नि रक्तदाब थोडा वाढवतात, ग्वानफॅसिन उतरवतं. नाडी आणि रक्तदाब औषध सुरू करण्याआधी आणि डोसच्या प्रत्येक बदलानंतर मोजा. मूल कधी बेशुद्ध पडलं असेल किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयाने मृत्यू झाला असेल तर पहिल्या गोळीआधीच सांगा. या वयात वजन दर ३ महिन्यांनी, उंची दर ६ महिन्यांनी. भूक मरते ती मुख्यतः मेथिलफेनिडेटने, म्हणून नाश्ता आधी, गोळी नंतर.

पाटीपेन्सिल
धन्यवाद. एक अडचण: तो गोळी गिळत नाही. फोडून चालेल?

मोजपट्टी
अ‍ॅटोमॉक्सेटिनची कॅप्सूल उघडू नका, भुकटीने डोळे चुरचुरतात. ग्वानफॅसिनची दीर्घकाळ चालणारी गोळी चुरडली तर सगळा डोस एकदम सुटतो. मेथिलफेनिडेटची १२ तासांची कवचाची गोळीही अखंडच जायला हवी. तिचं रिकामं कवच शौचात दिसतं, घाबरू नका, औषध आत शोषलं गेलेलं असतं. दाणे भरलेल्या काही मेथिलफेनिडेट कॅप्सूल मात्र उघडून दाणे चमचाभर मऊ, गार पदार्थावर टाकता येतात, ते न चावता लगेच गिळायचे. आपली त्यातली आहे का, हे माहितीपत्रकावर पाहून फार्मासिस्टकडून खात्री करा.